तळहातावरची हद्द

इस्पितळातून आलेल्या कागदावर सतरा प्रश्न होते. त्यातले सोळा हिल्केनं बंदरावरच्या आपल्या दुकानाच्या फळीवर कागद ठेवून उभ्याउभ्या उरकले. वय छप्पन्न. हात उजवा. गाठी दोन, अनामिकेच्या मुळाशी. कधीपासून, ईस्टरपासून. दुखतं का, नाही. सिगारेट, सोडली. हे धडधडीत खोटं होतं, पण तो तिचा आणि तिच्या फुप्फुसांचा प्रश्न. काम, करंदी सोलणे. सतरावा प्रश्न मात्र तिनं घडी घालून खिशात टाकला आणि घरी आणला.

"आई, ऐक जरा. 'जवळच्या नात्यात कुणाची बोटं अशी आत वळली होती का? आईकडून, वडिलांकडून.' पुढं तीन चौकटी. होय, नाही, माहीत नाही."

तिची आई तालेया चहा ओतत होती. एकोणऐंशी वर्षांची बाई, पण हात अजून असा स्थिर की किटली काठोकाठ भरलेली असली तरी थेंब बाहेर सांडायचा नाही. कपातली खडीसाखर गरम चहानं तडकली. तालेयानं कडेनं साय सोडली आणि मग म्हणाली, "माझ्याकडून नाही."

"ते दिसतंयच की. चष्म्याशिवाय सुई ओवतेस तू. मी दुसऱ्या बाजूचं विचारतेय."

आमच्याकडे तीन कप चहा म्हणजे तीन. त्याआधी उठणं म्हणजे घरच्यांचा अपमान. आणि पुरे झाला की चमचा कपात टाकायचा, मग कुणी ओतत नाही. तालेयाचा तो दुसराच कप होता. तिनं तो संपवला, चमचा उचलला आणि शांतपणे कपात ठेवला. चहा संपला, बोलणंही संपलं.

हिल्केनं 'माहीत नाही'वर फुली मारली. तिला राग आला नाही. या बाबतीत राग येणं तिनं फार पूर्वी सोडून दिलं होतं. सात वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, माझा बाबा कुठाय. "एम्डन बंदरावरचा खलाशी होता. समुद्रात गेला." दहाव्या वर्षी पुन्हा विचारलं, तेच उत्तर. चौदाव्या वर्षी चर्चमधला दीक्षेचा विधी झाला, नवे काळे बूट घालून ती घरी आली आणि तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा आईनं खलाशी, समुद्र काही न म्हणता मिठाची गुळणी धरली. त्यानंतर हिल्केनं विचारलं नाही. मायलेकी एकाच विटांच्या घरात राहिल्या. मध्ये आठ वर्षं हिल्केचा नवराही राहून गेला, त्याला एम्डनला दुसरी कुणी मिळाली. घर पुन्हा दोघींचं झालं.

आता या बोटांचं म्हणाल तर आमच्या किनाऱ्यावर त्याचं कुणाला नवल नाही. आधी तळहातात वाटाण्याएवढी गाठ येते. मग गाठीपासून बोटापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखी होते, बोट हळूहळू आत वळतं आणि मग बापजन्मात उघडत नाही. हिल्केच्या लहानपणी बंदरावर असे तिघं होते. चर्चचा पेटीवाला, त्यानं शेवटी पेटी सोडली. उब्बो बेकर, त्याचा हात पिठाच्या डब्यात शिरेना. आणि तम्मो तांडेल, ज्याची करंदीची बोट होती आणि ज्याच्या उजव्या हाताला पोरं 'आकडा' म्हणायची. नऊ वर्षांची असताना हिल्केनं धक्क्यावर दहा पोरांसमोर तिघांच्याही नकला केल्या होत्या. एकेकाचं बोट वाकवून, एकेकाची चाल चालून. पोरं हसून गडबडा लोळत होती. मागून आई आली आणि तिनं खाडकन मुस्काटात मारली. आईनं तिला आयुष्यात मारलं ते तेवढंच.

आणि आता नकला केलेल्या त्याच हाताच्या अनामिकेखाली गाठ. दुकान म्हणजे तरी काय, तिची दहा बोटं. आजकाल बहुतेक करंदी गाड्या भरभरून परदेशी सोलायला जाते आणि दोन आठवड्यांनी परत येते. ताजी, डोळ्यांदेखत हातानं सोललेली हवी असेल तर आमच्या बंदरात हिल्केकडेच यावं लागतं. अंगठा आणि तर्जनीनं पिळा द्यायचा, साल ओढायची, सोललेली करंदी अनामिका-करंगळीच्या खिशात ढकलायची. खिसा भरला की मूठ वाडग्यात उघडायची. आईनंच शिकवलेलं. उन्हाळ्यात एकदा मूठ नीट उघडेना, गाठीपाशी ओढ लागली, तेव्हा हिल्के गिऱ्हाइकासमोर हसली आणि डाव्या हातानं बोट सरळ केलं. त्याच आठवड्यात तिनं डॉक्टर गाठला आणि त्यानं तिला किरणोपचाराच्या विभागात पाठवलं.

शुक्रवारी सकाळी ती गाडीची किल्ली शोधत होती, तर तालेया दारात उभी. चांगला निळा कोट घातलेला, पर्स हातात.

"तू कुठं?"

"मीपण येते."

"अगं, शहरात जायचं म्हटलं की तुझं डोकं दुखतं."

"दुखू दे," तालेया म्हणाली आणि जाऊन गाडीत बसली.

वाटेत ती पर्सची कडी उघडझाप करत राहिली. हिल्केला वाटलं, म्हातारीला काळजी वाटतेय. वाटत होतीच, पण ती वेगळी.

डॉक्टर मेंके चाळिशीची, आखूड केसांची, भराभर बोलणारी बाई होती. तिच्याबरोबर ल्युबन नावाचा साठीतला तंत्रज्ञ होता. आराखडे काढायचे आणि शिशाचे पत्रे कापायचे, हे त्याचं काम. "मोइन," तो म्हणाला. आमच्याकडे येता-जाता एवढाच रामराम. "मोइन," दोघी म्हणाल्या. तालेयाला कोपऱ्यातली खुर्ची मिळाली. तिनं कोट काढला नाही, पर्स मांडीवर घट्ट धरली.

"हात टेबलावर पालथा टाका, हार्म्सबाई. सगळा. दाबू नका, नुसता पडू द्या," डॉक्टरीण म्हणाली. हिल्केनं टाकला. डॉक्टरणीनं एक कोरा कागद बोटांच्या बाजूनं हाताखाली सरकवून पाहिला. कागद अडला. "छान. अजून सपाट आहे. हा कागद आत गेला असता तर आपली भेट इथंच संपली असती."

मग सोनोग्राफी झाली. थंड जेल, वर फिरणारी दांडी, पडद्यावर राखाडी पट्टे आणि त्यात दोन काळसर दाणे. "चार मिलिमीटर खोल. हा दुसरा साडेचार," डॉक्टरीण म्हणाली आणि ल्युबननं आकडे लिहून घेतले. किरण किती खोल पोचायला हवेत, ते यावरून ठरतं. ल्युबननं जेल पुसलं, हिल्केचा हात आपल्या हातात घेतला आणि डोळे मिटून अंगठ्यानं तळवा चाचपू लागला. गाठ सापडली की डोळे उघडून पेनानं लाल गोल काढायचा. दोन गोल झाले. त्यांच्याभोवती त्यानं थोडं अंतर सोडून एक कुंपण काढलं. लहानसं, अंड्याएवढं.

"ही हद्द," तो म्हणाला. "हिच्या आत किरण. बाहेर शिसं."

डॉक्टरीण स्टूल ओढून समोर बसली. "किरण देणं काही अवघड नाही, हार्म्सबाई. पाच दिवस, रोज दोन मिनिटं. मग तीन महिन्यांनी पुन्हा पाच दिवस. अवघड आहे ते हे ठरवणं, की द्यायचे का आणि कुठपर्यंत. काहींची गाठ दहा-दहा वर्षं आहे तिथंच बसते. अशा हातावर उगाच किरण टाकणं मला पसंत नाही, हे काही मलम नव्हे. पण ज्यांच्या रक्तातच हे भराभर पसरणारं असतं, त्यांना थांबा म्हणणं म्हणजे हात घालवणं. एकदा बोट वळलं की माझ्या यंत्राचा उपयोग शून्य. मग सुरीच. म्हणून तर तो सतरावा प्रश्न."

"मी लिहिलंय की. माहीत नाही."

"तेच म्हणते. वडिलांचं काहीच माहीत नाही?"

"समुद्रात गेले म्हणतात," हिल्के म्हणाली. "बोटांसकट."

ल्युबन फिस्सकन हसला आणि लगेच ओशाळून पेनाचं टोपण शोधू लागला.

डॉक्टरणीनं पुन्हा एकदा दोन्ही हात उलटसुलट पाहिले, डावा तळवा दाबला, पायांचं विचारलं. डाव्यात काही नव्हतं, पायांतही नव्हतं. "अर्ध्या वर्षात दोन गाठी. हो म्हणावं तर वाढ आहे, नाही म्हणावं तर नाही. घरचं काही कळलं असतं तर मी आजच सुरू केलं असतं. नुसत्या एवढ्यावर मी म्हणेन, थांबू या. वसंतात या, पुन्हा मोजू."

"आणि तोवर वळलं तर?"

"तर लगेच या."

"पण वळल्यावर यंत्राचा उपयोग शून्य म्हणालात."

"हो," डॉक्टरीण प्रामाणिकपणे म्हणाली. "ती जोखीम आहे. दोन्हीकडून आहे."

हिल्केनं तळव्यावरची लाल हद्द बघितली. आपल्याला काय हवंय, तेच तिला कळेना. मशीनखाली हात घालायची भीती होती आणि घरी परत जायची त्याहून जास्त. पण डॉक्टरीण शिकलेली बाई, तिच्याशी हुज्जत कशी घालायची. "बरं तर," ती म्हणाली. "वसंतात."

ल्युबननं स्पिरिटचा बोळा भिजवला आणि हद्द पुसायला तिचा हात पुढं ओढला.

"पुसू नका."

तिघांनीही वळून पाहिलं. तालेया उभी राहिली होती. पर्स खुर्चीवर ठेवून ती खुरडत टेबलापाशी आली, कारण तिचा उजवा खुबा दुखतो. तिनं हिल्केचा हात ल्युबनच्या हातातून सरळ काढून घेतला.

"पेन द्या."

ल्युबननं डॉक्टरणीकडं पाहिलं. डॉक्टरणीनं मान हलवली. लाल पेन त्याच्या मुठीत होतं, म्हणून त्यानं खिशातलं निळं काढून दिलं.

तालेयानं चष्मा लावला नाही. हिल्केचा तळवा तिनं आपल्या डाव्या हातावर उताणा धरला आणि पेनाचं टोक पहिल्या लाल गोलावर ठेवलं. "पहिली इथंच आली. बरोब्बर इथं. वर्षभरात इथून अशी दोरी निघाली." निळी रेघ अनामिकेत चढली. "पण आधी ती नाही वळली. आधी करंगळी. तिची दोरी इकडून, कडेनं." दुसरी रेघ. "मग ही." पेन तळव्याच्या दुसऱ्या टोकाला, अंगठ्याच्या बेचक्यात गेलं. "ही कुणाला दिसलीच नाही. इस्पितळातल्यांना नाही, त्याला स्वतःलासुद्धा नाही. माझ्या बोटाला लागली. मग डावा हात. मग पायांचे तळवे, म्हणून तो शेवटी शेवटी बूट घालायचा नाही."

डॉक्टरणीनं अगदी हळू विचारलं, "पहिल्या गाठीपासून करंगळी वळायला किती दिवस लागले?"

"चार वर्षं. पहिली आली तेव्हा तो एक्केचाळीसचा होता. एम्डनला दोनदा कापलं. दोन्ही वेळा परत आलं."

"कुणाचा हात, मोठ्या बाई?"

"हिच्या बापाचा," तालेया म्हणाली. "तम्मो ब्रुन्स. तांडेल. लिहून घ्या."

पोस्टाच्या खिडकीवर पत्ता सांगावा तसं तिनं ते सांगितलं. हिल्केच्या कानात नुसता आवाज भरला होता. तिला हात हिसकावून घ्यायचा होता, खुर्ची लाथाडून बाहेर जायचं होतं. पण शाई ओली होती आणि आईनं मनगट सोडलं नव्हतं. लहानपणापासून जे ऐकायला ती जीव टाकत होती, ते एका परक्या डॉक्टरणीला, सतराव्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मिळालं होतं.

"तुला एवढं कसं माहीत?" ती शेवटी म्हणाली. "कुठली दोरी कुठून गेली, तुला कसं माहीत?"

"मिटलेल्या हाताची नखं वाढतात, बाई. आत तळव्यात रुततात. आतून हात धुता येत नाही, घाम साचतो, कातडी सोलवटते. कुणीतरी एकेक बोट धरून, ताणून, धुवायला लागतं. नखं कापायला लागतात. दर पंधरा दिवसांनी." तालेयानं पेन टेबलावर ठेवलं. "तीस वर्षं कापली मी."

मग ती डॉक्टरणीकडं वळली. "ईस्टरला हिनं माझ्याकडून लोणच्याची बरणी उघडून घेतली. तेव्हाच मी हिचा हात बघितला. तेव्हाच कळलं मला. पण बोलले नाही. गाठ सांगायची तर नाव सांगावं लागलं असतं. माझ्या गप्प बसण्यानं पोरीचा हात गेला का, ते सांगा."

डॉक्टरीण पुढं झाली. हिल्केचा हात घेऊन तिनं निळ्या रेघेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याच्या बेचक्यापाशी थांबली. पुन्हा दाबलं, सोनोग्राफीची दांडी मागितली, जेल न लावताच टेकवली, मग चिडून जेल लावलं. पडद्यावर तांदळाच्या कणीएवढा तिसरा दाणा होता. मघाशी कुणी तिथं बघितलंच नव्हतं.

"नाही गेला," ती म्हणाली. "पण वसंतापर्यंत थांबलो असतो तर कदाचित गेला असता. ल्युबन, नवी हद्द काढा. मोठी. सोमवारी सुरू करू."

ल्युबननं लाल पेनानं म्हातारीच्या निळ्या रेघांच्या बाहेरून, दीड सेंटिमीटर सोडून कुंपण ओढलं. आधीचं अंड्याएवढं कुंपण आता जवळजवळ सगळ्या तळव्यावर पसरलं. त्यावर त्यानं पारदर्शक कागद ठेवला, हद्द छापून घेतली, कागदावर नाव, 'उजवा', बोटांकडं बाण आणि कुठली बाजू कातडीला लागायची ते लिहिलं. याच मापानं तो शिशाचा पत्रा कापणार होता. फोटोच्या वेळी हाताशेजारी पट्टी ठेवून त्यानं विचारलं, "निळं पुसून घेऊ का? आराखड्यात नको असतं तसं."

"राहू द्या," डॉक्टरीण म्हणाली.

सोमवारपर्यंत रेघा पुसायच्या नाहीत, हात पाण्यात घालायचा नाही, असं बजावून त्यांनी तळव्यावर पारदर्शक पट्टी चिकटवली. "मोइन," ल्युबन म्हणाला. या वेळी फक्त तालेया "मोइन" म्हणाली.

गाडी शहराबाहेर आली, बंधाऱ्याखालच्या रस्त्याला लागली, तशी हिल्केनं ती करकचून कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बंधाऱ्यावर मेंढ्या चरत होत्या.

"तम्मो तांडेल," ती म्हणाली. "रोज सकाळी आपल्या दारात सोलायच्या करंदीची बादली ठेवणारा तम्मो तांडेल."

"हो."

"घरी सोलायला सरकारनं बंदी घातल्यावरसुद्धा ज्याची बादली यायची."

"रिकामी असायची पुष्कळदा," तालेया म्हणाली.

"मी त्याची नक्कल केली म्हणून मारलंस मला. मी आपली इतकी वर्षं समजत होते, म्हाताऱ्या माणसांचा मान ठेवावा म्हणून." हिल्के हसायला गेली आणि ते मधेच फिसकटलं. "त्यानं बघितलं होतं का? मी नक्कल करताना?"

"धक्क्यावरच होता. जाळं दुरुस्त करत."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, हुबेहूब करते पोरगी. आणि मग दोन दिवस आला नाही."

हिल्केनं स्टिअरिंगवर डावी मूठ आपटली. "गावाला ठाऊक होतं?"

"गावानं कधी विचारलं नाही."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! मी एकटी गाढव! आणि थेडाला?" थेडा म्हणजे तम्मोची बायको. अजून जिवंत आहे. दर गुरुवारी तालेया तिच्याकडं चहाला जाते, चाळीस वर्षांत खंड नाही.

"कात्री तिची होती," तालेया म्हणाली. "तिला त्या हाताची शिसारी यायची. रुतलेली नखं बघवायची नाहीत तिला. एकदा बादलीत कात्री आली, फडक्यात गुंडाळलेली. मी ओळखली. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही."

"मला का नाही सांगितलंस? तो जिवंत होता, आई! रोज दारात यायचा! मी त्याच्या हातातून बादली घ्यायचे!"

"त्याला शब्द दिला होता. पोरं लहान होती त्याची. मग तो गेला, शब्द मात्र उरला. मग..." तालेया खिडकीबाहेर बघत होती. "मग तूच विचारायची थांबलीस."

"चौदा वर्षांची होते मी!"

"हो. चूक माझी. सगळी माझीच."

तिनं ते इतक्या सरळ मान्य केलं की हिल्केला पुढं भांडायला जागाच उरली नाही. ती रडली. नाक पुसायला रुमाल काढायचा तर उजवा हात वापरायची चोरी, म्हणून आईनं पुसलं. मग तिनं गाडी सुरू केली.

दुकानावर 'मंगळवारपर्यंत बंद' अशी पाटी लावताना खडूची अक्षरं डाव्या हातानं काढावी लागली, ती पहिलीतल्या पोरासारखी आली. सकाळची दीड किलो करंदी बर्फावर पडून होती. तालेयानं ती घरी आणली, स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि सोलायला बसली. पिळा, ओढ, खिशात. पिळा, ओढ, खिशात. वय झालं तरी हात चुकत नव्हता. हिल्के समोर बसून बघत होती. याच टेबलाशी, याच खिडकीत तो बसत असणार. तीस वर्षं. आधी शाळेची घंटा झाल्यावर आणि शाळा सुटायच्या आत, पुढं ती दुकानात असताना.

"माझी नखं तू कापत होतीस, तीही त्याच कात्रीनं का?" तिनं विचारलं.

"घरात कात्री एकच होती."

चहा झाला. पहिला कप, दुसरा कप. हिल्के तिसरा पीत असताना म्हणाली, "मी तुला माफ केलेलं नाही. सांगून ठेवते."

"नको करूस," तालेया म्हणाली. तिनं हात पुसले. तिचा चमचा अजून बशीतच होता. "हात ठेव टेबलावर."

"डॉक्टरणीनं बघितलंय सकाळी."

"मी नाही बघितलेलं. ठेव."

हिल्केनं वर्तमानपत्र बाजूला सारलं आणि हात पालथा टाकला. दाबला नाही, नुसता पडू दिला.

"दर नवीन वर्षाच्या दिवशी मी त्याला असा हात ठेवायला लावायचे," तालेया म्हणाली. "तो हसायचा. म्हणायचा, बोट मोजतेस की माणूस? पहिल्या वर्षी खालून कागद गेला. दुसऱ्या वर्षी चमचा. चौथ्या वर्षी बशी सरकली. मग मी मोजणं सोडलं. असं काही यंत्र असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं, हिल्के. आम्ही कुणाला विचारलंही नाही. विचारायचं म्हणजे माझ्यासारखीला सांगावं लागलं असतं, मला कसं ठाऊक ते."

इस्पितळानं दिलेला सूचनांचा कागद टेबलावर होता. तालेयानं तो उचलला, टोक नीट सरळ केलं, वाकून डोळे टेबलाच्या पातळीला आणले आणि करंगळीच्या बाजूनं, हिल्केच्या हाताखाली सरकवायला लागली.

कागद अडला. टोक दुमडलं.

"जात नाही," ती म्हणाली आणि कागदाचं टोक सरळ करून तिनं पुन्हा एकदा सरकवून पाहिलं.